दोन दाखले
(मराठी साहित्यातील शाळा आणि संकटात सापडलेले मूल)

मराठीत ‘दाखला’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शुभवर्तमान वाचणाऱ्या आपल्या घरांत दाखला म्हणजे प्रभू येशूने सांगितलेली बोधकथा : उधळ्या पुत्राचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. शाळेच्या कार्यालयात मात्र दाखला म्हणजे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र. पहिल्या दाखल्यात घर सोडून गेलेला मुलगा परत येतो. दुसऱ्या दाखल्याने शाळेत असलेला मुलगा बाहेर पडतो. मावळात शिक्षकाची नोकरी करीत असताना रविवारी मी पहिला दाखला ऐकत आलो आणि सोमवारी दुसऱ्यावर सही करीत आलो. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असावा, हे ध्यानात येण्यास मला निवृत्त व्हावे लागले. निवृत्तीनंतरच्या सवडीत शाळेविषयीची काही मराठी पुस्तके, एक नाटक आणि एक चित्रपट पुन्हा जवळून पाहिले, तेव्हा हा संबंध अधिकच बोचू लागला. त्या वाचनातून सुचलेले काही विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी एक कबुली देणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेत काही महिने प्रभारी मुख्याध्यापकाचे काम माझ्याकडे आले होते. नववीतला एक मुलगा पवन मावळातील आपल्या वाडीवरून चालत शाळेत येत असे. भातलावणीच्या दिवसांत तो तीन आठवडे आला नाही. परत आला तेव्हा वर्गशिक्षकांनी त्याला रोज हजेरीच्या वेळी उभे करून गैरहजेरीचे दिवस मोठ्याने मोजावयास लावले. वर्ग हसे. पाचव्या की सहाव्या दिवशी मधल्या सुटीत त्या मुलाने हजेरीपट फाडला आणि शाळेमागच्या ओढ्यात टाकून दिला. हजेरीपट हा सरकारी कागद. सहकारी संतापले, शालेय समितीतील एका सद्गृहस्थांनी ‘दाखला हातात द्या’ असे सुचविले, आणि मी वडिलांना बोलावणे धाडले.

वडील भर पावसात आले. अंगावरचे इरले त्यांनी कार्यालयाच्या दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवले आणि आत येऊन उभेच राहिले. मी काय बोललो ते आज आठवत नाही. दाखला हातात घेऊन त्यांनी विचारले, “साहेब, ह्या कागदाचं काही पैसं द्यायचं का?” मी नाही म्हणालो. दाखल्यातील ‘वर्तणूक’ या रकान्यात मी ‘चांगली’ असे लिहिले होते, कारण तसेच लिहिण्याचा प्रघात होता. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले होते. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. दाखल्याची स्थळप्रत दप्तरात राहिली. मुलगा त्यानंतर मला दिसला नाही.

माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाला त्या दिवशी मार्ग दाखवील असे मराठी साहित्यात काय होते, हा प्रश्न मी आता विचारतो आहे. टीकाकाराने साहित्यकृतीला असा रोखठोक प्रश्न विचारू नये, असे काही जाणकार म्हणतील. परंतु शिक्षकांच्या घरांतून ही पुस्तके मार्गदर्शक म्हणूनच वाचली गेली आहेत, तेव्हा प्रश्न अगदीच अस्थानी नसावा.

मावळात राहणाऱ्या वाचकाला पहिल्यांदा आठवतात ते गो. नी. दांडेकर. तळेगाव दाभाडे येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य होते. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्यांतून त्यांनी आमचा पाऊस, आमचे गड, इथल्या कष्टकरी माणसाचा मानी स्वभाव मराठी वाचकापुढे उभा केला. स्वतः गोनीदा कोवळ्या वयात स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने शाळा आणि घर सोडून निघाले. त्यांना घडविले ते वाटेने आणि गाडगेबाबांसारख्यांच्या सहवासाने. १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ‘स्मरणगाथा’ ही त्या भटकंतीची कहाणी आहे. शाळेबाहेर गेलेले मूलही मोठे होऊ शकते, याचा तो उत्तम पुरावा होय. पण त्या पुराव्याने शाळेचे उत्तरदायित्व संपत नाही. मावळ साहित्यात आला तो गडकिल्ल्यांसह आणि भातखाचरांसह. त्या खाचरांतून चिखलाच्या पायांनी शाळेत येणारे मूल आणि त्याला दारात थांबविणारा मुख्याध्यापक मात्र माझ्या वाचनात आला नाही. म्हणून पुढचा शोध मावळाबाहेरच घ्यावा लागतो.

मराठी शिक्षकाच्या मनातील आदर्शाचे नाव साने गुरुजी. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे आवरून ठेवणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे गुरुजी ही काही दंतकथा नव्हे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती हकीगत पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचविली. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पुढे १९३५ साली ती प्रसिद्ध झाली, आणि आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले.

हे पुस्तक आपण आईचे पुस्तक म्हणून वाचतो. मी ते एकदा शिक्षकाचे पुस्तक म्हणून वाचून पाहिले. श्याम अनेक चुका करतो. पोहायला जाण्याचे टाळतो आणि फोक खातो. कळ्या अवेळी तोडतो. पुस्तकांच्या हौसेपायी पैशांची चोरीही करतो. प्रत्येक वेळी चूक उघडी पडते ती आईसमोर, आणि तिचा निवाडा होतो तो चुलीपाशी किंवा देवघराजवळ. आई शिक्षा करते, रडते, समजावते, आणि दुसऱ्या दिवशी श्याम त्याच घरात जेवायला बसतो. घराला हजेरीपट नसतो. श्यामला घरातून काढून टाकण्याचा विचारही त्या माउलीच्या मनाला शिवत नाही, कारण आईजवळ तसला कागदच नाही.

येथेच शाळा आणि घर यांत अंतर पडते. मुख्याध्यापकापुढे साठ मुलांचा वर्ग असतो. चोरी झाली की ज्याचे पैसे गेले त्याचे पालक दारात उभे राहतात. मारामारी झाली की ज्याचे डोके फुटले त्याची आई येते. ‘श्यामची आई’ वाचून आम्ही शिक्षक मायाळू व्हावयास शिकलो, हे तिचे थोर ऋण आहे. परंतु आईजवळ जो कागद नाही तो ज्याच्या टेबलाच्या खणात आहे, त्याने काय करावे, हे त्या पुस्तकात नाही. तसे असण्याचे कारणही नाही. दोष पुस्तकाचा नसून आमच्या टीकेचा आहे. ‘शिक्षकाला आईचे हृदय हवे’ एवढे म्हणून ती थांबली. कार्यालयाला हृदय असावे की नाही, याचा विचार तिने केला नाही.

कार्यालयाचा विचार मराठीत अत्यंत भेदकपणे केला तो विजय तेंडुलकरांनी, आणि तोही शाळा रंगमंचावर न आणता. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत या नाटकाविषयी एक अढी आहे. अविवाहित शिक्षिका गरोदर राहते, असला विषय मुलांच्या हाती कशाला द्यावा, असे विचारले जाते. मुलांच्या हाती द्यावा असे माझेही म्हणणे नाही. पण शाळा चालविणाऱ्या प्रत्येक मंडळाने तो वाचावा, असे मात्र मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

लीला बेणारे ही उत्तम शिक्षिका आहे. नाटकाच्या आरंभीच ती आपल्या वर्गाविषयी, मुलांच्या प्रेमाविषयी भरभरून बोलते. खेळ म्हणून मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात तिचे खासगी आयुष्य हळूहळू ओढून बाहेर काढले जाते. तिच्या शाळेचा निर्णय कसा कळतो, ते पाहावे. तो संस्थेच्या पत्राने कळत नाही, तिला समोर बसवूनही सांगितला जात नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी फोनवर झालेले बोलणे कोणा एकाच्या कानी पडलेले असते, आणि ते पुरावा म्हणून सादर होते. बाईंना काढून टाकण्याचे कारण काय, तर कोवळ्या मुलांवर वाईट परिणाम होईल. त्या मुलांपैकी एकही मूल नाटकात येत नाही, आणि कोणी त्यांना काही विचारीतही नाही. ज्या प्राध्यापकाशी तिचे संबंध आले, तो दामले खटल्याला गैरहजर आहे. त्याच्या नोकरीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही.

या नाटकातील एक गोष्ट कॅथलिक वाचकांच्या नजरेतून सहसा निसटते. बेणारेला ते मूल हवे आहे. त्याला नाव मिळावे म्हणून ती ज्याच्या त्याच्याकडे लग्नाची याचना करते. आणि नीतीच्या नावाने न्यायासनावर बसलेले काशीकर शेवटी निकाल देतात तो तिच्या उदरातील जीव नष्ट करण्याचा. सदाचाराच्या रक्षणासाठी भरलेले न्यायालय सर्वांत निष्पाप जिवालाच देहदंड फर्मावते. तेंडुलकर धर्मोपदेश करावयास बसलेले नव्हते. तथापि संस्थेची अब्रू राखण्याच्या भरात आपण नेमके कोणाला बळी देतो, हा प्रश्न त्यांनी जितक्या निर्दयपणे विचारला तितका आपल्या व्यासपीठांवरूनही क्वचितच विचारला गेला असेल. शिक्षकाचे खासगी दुःख असो की विद्यार्थ्याचे, निर्णय बंद दाराआड होऊन कानगोष्टीने पसरला की त्याला न्याय म्हणता येत नाही.

तेंडुलकरांनी कार्यालयाची क्रूरता दाखविली, तर मिलिंद बोकील यांनी त्याचे आंधळेपण दाखविले. २००४ साली प्रसिद्ध झालेली ‘शाळा’ ही कादंबरी आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची गोष्ट आहे. मुकुंद जोशी हा मुलगा ती सांगतो. शिरोडकर या वर्गभगिनीविषयी त्याला वाटणारी ओढ, मित्रांच्या थट्टा, धाडस, भीती हे सारे इतक्या खरेपणाने आले आहे की ज्यांची मुले आज त्या वयात आहेत अशा आईवडिलांनी ती अवश्य वाचावी. मुलांच्या तोंडची भाषा काही ठिकाणी खटकेल. ती तशी असते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

या कादंबरीतील सर्वांत बोलकी जागा शाळेच्या आवारात नाही. ती आहे एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. मुले तेथे जमतात आणि आपल्या जिवाच्या गोष्टी करतात. मोठी माणसे तेथे पोहोचत नाहीत. शिक्षक मुलांना दिसतात ते बाकावरून : कोण कसा मारतो, कोण कसा बोलतो, कोणाच्या तासाला काय करता येते. शिक्षकांना मुले दिसतात ती टेबलाच्या पलीकडून. दोघांची नजरभेट होते ती बहुधा काहीतरी बिघडल्यावरच. बोकील यांनी शिक्षकांना खलनायक केलेले नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी एवढेच दाखविले की मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घडामोड शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या वयात घडत असते, आणि शाळेला तिचा पत्ता नसतो. सुजय डहाके यांनी या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि २०१२ साली तो घरोघरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. पडद्यावर तो कोवळ्या प्रेमाची गोष्ट म्हणून अधिक ठसला. कादंबरीतील शाळेविषयीचे मूक आरोपपत्र त्या मानाने फिके झाले, असे माझे मत आहे.

लोणावळ्याच्या वाचकाला या ठिकाणी एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्या गावात सालेशियन धर्मगुरूंची डॉन बॉस्को शाळा आणि सालेशियन भगिनींची ऑक्झिलियम कॉन्व्हेंट शाळा आहे. ज्यांच्या शिकवणुकीतून या शाळा निघाल्या त्या संत जॉन बॉस्को यांनी इटलीतील तुरिन शहरात रस्त्यावरच्या आणि कारखान्यांतल्या मुलांमध्ये काम केले. १८७७ साली त्यांनी आपल्या शिक्षणपद्धतीविषयी एक छोटासा निबंध लिहिला. त्यात दोन पद्धतींची तुलना आहे. एक दमनाची : नियम सांगावा, लांबून पाळत ठेवावी, नियम मोडला की शिक्षा द्यावी. दुसरी प्रतिबंधाची : शिक्षकाने आधीपासूनच मुलांमध्ये असावे, त्यांच्या खेळात असावे, म्हणजे चूक घडण्यापूर्वीच तिची चाहूल लागते. पुढे १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक व्यथा बोलून दाखविली. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. मधल्या सुटीत शिक्षक आपापसांत गप्पा मारीत बसतात आणि मुले एकटी पडतात, हे त्यांना सलत होते. बोकील यांच्या अर्धवट इमारतीतील मुलांविषयी याहून नेमके भाष्य मला ठाऊक नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने हजेरीपट फाडला तो मधल्या सुटीतच. आणि त्या वेळी आम्ही सारे शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होतो.

चूक घडून गेल्यावर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सरळ प्रयत्न केला आहे तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ या २००२ सालच्या चित्रपटाने. गुणांनुसार तुकड्या पाडणारी एक शाळा. ‘अ’ तुकडी हुशारांची, ‘फ’ तुकडी उरलेल्यांची. अपमानाने पेटलेली ‘फ’ तुकडीतील मुले शाळेच्या मालमत्तेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शिक्षक या मुलांना पोलिसांच्या किंवा दाखल्याच्या वाटेने जाऊ देत नाही. तसाच तो त्यांची चूक पोटातही घालीत नाही. जे मोडले ते तुम्ही कष्ट करून भरून द्या, ही वाट तो त्यांना दाखवितो.

हा चित्रपट पाहताना मला आपल्या पापनिवेदनाच्या संस्काराची आठवण झाली. आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तीन पायऱ्या शिकलो : पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त. शाळा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते. मुलाला ओशाळे करावयाचे आणि त्याच्याकडून माफीपत्र लिहून घ्यावयाचे, की प्रकरण मिटले. तिसरी पायरी, म्हणजे झालेली हानी आपल्या हातांनी भरून काढण्याची संधी, आपण मुलाला देतच नाही. दाखला देऊन तर ती संधी कायमची हिरावून घेतो. हजेरीपट फाडणाऱ्या मुलाला मी आठ दिवस कार्यालयात बसवून नवा हजेरीपट आखावयास आणि साऱ्या वर्गाची नावे त्यात लिहावयास सांगू शकलो असतो. त्याचे अक्षर सुरेख होते. हे मला चित्रपट पाहिल्यावर सुचले. तोवर फार उशीर झाला होता.

तरीही ‘दहावी फ’विषयी एक तक्रार नोंदविली पाहिजे. चित्रपटाचा सारा भार एका सहृदय शिक्षकावर आहे. असा शिक्षक नसता तर काय झाले असते? तुकड्या पाडणे हा शाळेचा निर्णय. मुलांच्या अपराधाआधी घडलेला तो शाळेचा अपराध. चित्रपट त्याच्याकडे बोट दाखवितो, पण आपल्याला रडू येते ते मुलांच्या कष्टांनी आणि शिक्षकाच्या चांगुलपणाने. चित्रगृहातून बाहेर पडताना आपण म्हणतो, ‘असे सर प्रत्येक शाळेत हवेत.’ तसे सर नसतील तरीही मूल सुरक्षित राहील अशी शाळा हवी, असे आपण म्हणत नाही. साने गुरुजींपासून चालत आलेली ही आपली सवय आहे. चांगुलपणा एका व्यक्तीवर सोपवून आपण व्यवस्थेला मोकळे सोडतो.

ही सवय मोडणारे एक पुस्तक मराठीत आले ते दूरच्या जपानमधून. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने मराठी घरांत पोहोचविला. त्यातील मुलगी आमच्या नववीच्या मुलापेक्षा पुष्कळच लहान आहे. पण पुस्तकाची सुरुवातच होते ती दाखल्याने. पहिलीतच तोत्तोचानला शाळेतून काढून टाकले आहे. ती मेजाचे झाकण सारखे उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना बोलावते. आई हे कारण तिला वीस वर्षांची होईपर्यंत कळू देत नाही; फक्त ‘नव्या शाळेत जाऊ या’ एवढेच म्हणते.

नव्या शाळेचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी आईला घरी पाठवितात, खुर्ची ओढून मुलीसमोर बसतात आणि तिला हवे ते बोलू देतात. ती चार तास बोलते. ते चार तास ऐकतात. पुढे एकदा संडासात पडलेली आपली पैशांची थैली शोधण्यासाठी ती टाकीतील सारी घाण उपसून बाहेर काढते. मुख्याध्यापक तेथून जाताना एवढीच खात्री करून घेतात की काम झाल्यावर ती हे सारे परत आत टाकील. ती टाकते. ‘दहावी फ’मधील तिसरी पायरी येथे एका वाक्यात उरकली आहे, आणि डोळ्यांत पाणी आणणारे संगीतही नाही.

या पुस्तकाचे मला वाटणारे खरे महत्त्व असे की ऐकणारा माणूस मुख्याध्यापक आहे. खुर्ची त्याची, कागद त्याचे, निर्णय त्याचा. सहृदयता आणि अधिकार एकाच टेबलाशी बसले आहेत. जुन्या रेल्वेडब्यांत भरणारी ती तोमोए शाळा १९३७ साली सुरू झाली आणि १९४५ सालच्या बाँबवर्षावात जळाली. घाटमाथ्यावरच्या रेल्वेच्या गावात राहणाऱ्या आम्हा लोणावळेकरांना रेल्वेच्या डब्याचे अप्रूप नाही. अप्रूप वाटावे ते त्या चार तासांचे. आमच्या शाळांत प्रवेशाच्या वेळी मुलाखत होते, पण बोलतात ते आईवडील, आणि तेही बहुधा फीविषयी.

आज हा विषय केवळ हृदयाचा राहिलेला नाही. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे ठरविले. तो कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे नववी-दहावीचे, सर्वांत अडनिड्या वयाचे मूल त्याच्या छत्राबाहेरच पडते. शिवाय २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. आपल्या संस्थांच्या स्वायत्ततेसाठी तो निकाल मोलाचा ठरला असेल. परंतु जे कायदा आपल्यावर बंधनकारक करीत नाही ते शुभवर्तमान करीत नाही, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये.

२०१२ सालच्या पॉक्सो कायद्याने तर शिक्षकाच्या मायेलाच एक नवी मर्यादा घातली. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की पोलिसांना खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘पोरीचे नाव खराब होईल’, ‘संस्थेचे नाव जाईल’ असे म्हणून प्रकरण पोटात घालणे हा आता गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांचे प्रकरण घडले, तक्रार नोंदविण्यास झालेल्या विलंबाने लोक रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. इतक्या घरांत जे घडले त्याला एकट्या मायाळू सरांच्या भरवशावर सोडून चालणार नाही. मुलाने कोणाजवळ बोलावे, त्याचे बोलणे कोणी नोंदवावे, कोणते गुपित राखावे आणि कोणते राखू नये, हे शाळेने आधीच ठरवून ठेवले पाहिजे. ज्या मुलाने विश्वासाने सांगितले, त्याच्या विश्वासाचे पुढे काय होते? कायदा पाळणारी शिक्षिका त्याच्या नजरेला नजर कशी देते? हा आजच्या काळाचा खरा नाट्यविषय आहे. आमच्या वसईच्या, अहिल्यानगरच्या, पुण्याच्या लिहित्या शिक्षकांनी आणि धर्मभगिनींनी तो हाती घ्यावा, कारण तो त्यांनी रोज पाहिला आहे.

उधळ्या पुत्राचा दाखला मी अलीकडे पुन्हा वाचला. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. आपले लक्ष धावत निघालेल्या पित्याकडे आणि परतलेल्या धाकट्याकडे असते. मुख्याध्यापकाच्या दृष्टीने वाचले की थोरला मुलगाही दिसू लागतो. तो रागावून बाहेर उभा आहे; त्याने कधी नियम मोडलेला नाही. वर्गातील उरलेली एकोणसाठ मुले म्हणजे हा थोरला भाऊच. पिता त्याच्यासाठीही घराबाहेर येतो आणि त्याचीही समजूत घालतो. हे दोन्ही करणारा पिता मराठी साहित्यात आई म्हणून आला, बंडखोर शिक्षक म्हणून आला. टेबलामागे बसलेला, हातात लेखणी असलेला, वरून समितीचा आणि खालून सहकाऱ्यांचा दाब सोसणारा मुख्याध्यापक म्हणून तो अजून यावयाचा आहे. अशा माणसाला खलनायक करणे सोपे असते. त्याच्या हातून होणारी चूक आतून दाखविणे अवघड आहे.

जुनी दप्तरे आता संगणकावर चढविली जातात, असे ऐकतो. त्या स्थळप्रतीवरही एके दिवशी कोणाची तरी नजर जाईल. नाव, जन्मतारीख, इयत्ता नववी, वर्तणूक चांगली, पालकांच्या विनंतीवरून. वाचणाऱ्याला त्यात वावगे काहीच दिसणार नाही. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात खरे कारण लिहावयाचे तर मला काय लिहावे लागले असते, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. ‘लावणीसाठी गैरहजर, पाच दिवस वर्गात हसे झाले, कोणी विचारले नाही’ एवढे तरी लिहिता आले असते. तेवढी जागा त्या रकान्यात होती.